आत्याचे धोंडोपंत

शंकराच्या देवळात नंदीपुढे दगडी कासव असतं. आपण त्याच्या पाठीला हात लावतो आणि पुढे जातो. त्याला काही दुखतखुपत असेल, असं आपल्या मनातही येत नाही. १९६८ च्या मे महिन्यापर्यंत माझ्याही आलं नव्हतं.

रहिमतपूरला आत्याच्या परसात पाठभर पिवळ्या चांदण्यांचं एक कासव होतं. (वन्यजीवांचा कायदा १९७२ चा, आज असं कासव घरी ठेवणं गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे.) आत्या त्याला धोंडोपंत म्हणे. आतोबा गेल्यापासून घरात तिचं ऐकून घेणारं तेवढंच होतं.

त्या सुट्टीत धोंडोपंतांनी अन्न सोडलं. जास्वंदीची फुलं तोंडापुढे सुकू लागली. उचलून पाहतो तो मानेच्या घडीत आणि मागच्या पायांच्या खोबणीत करड्या मण्यांसारखे गोचीड! आम्ही शेजारच्या गोठ्याला दोष दिला. कासवाला धरणाऱ्या गोचिडांची जात बहुधा निराळी असते, हे मला फार उशिरा कळलं.

"आत्या, रॉकेल लावू?"

"बघ बाबा. तू शाळेत जातोस."

मी बोळा फिरवला. धोंडोपंतांनी मान आत घेतली ती दोन दिवस बाहेर काढलीच नाही.

जनावरांचे डॉक्टर आले. ते मला रागावले नाहीत, हेच जास्त लागलं. रॉकेलनं कातडी भाजते, म्हणाले. शिवाय डिवचलेला गोचीड जाता जाता आपली लाळ आत ओकतो, आणि रोग शिरायचा तो त्या लाळेतून. काटे काढायच्या चिमट्यानं एकेक गोचीड कातडीलगत धरून त्यांनी हळूहळू सरळ ओढला. पिळायचा नाही, बोटांनी चिरडायचा तर मुळीच नाही. कासवाचं तोंड त्यांनी उघडून दाखवलं. आतून पांढरंफटक होतं. रक्त पिऊन टम्म झालेली मादी मातीत गळते आणि हजारांनी अंडी घालते, म्हणून कोपऱ्यातला सारा पालापाचोळाही काढायला लावला.

आत्यानं वाटीतले गोचीड मोजले. तेवीस.

"एवढासा जीव, आणि पंक्तीला तेवीस!" ती म्हणाली.

पुढे वाचनात आलं, की २००० साली अमेरिकेनं आफ्रिकेतल्या तीन जातींच्या कासवांची आयात बंद केली. कारण हेच, गोचीड. त्यांच्यातून गुरांत रोग पसरण्याची भीती होती. मला मात्र ती वाटीच आठवली.

आठवड्यानं धोंडोपंतांनी आत्याच्या हातून जास्वंदीची पाकळी ओढली. आत्या रडली. माझ्या हातचं मात्र त्यांनी ती सुट्टी संपेपर्यंत काही घेतलं नाही.