फॉर्म उघडलाच पाहिजे

१ जून २०१७ला पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि महिना सरायच्या आत राज्य सरकारनं ३४ हजार २२ कोटींची कर्जमाफी जाहीर केली. घोषणा आणि कर्जखातं यांच्यामध्ये मात्र एक ऑनलाइन अर्ज होता. त्याची मुदत आधी १५ सप्टेंबर होती, मग ती २२ सप्टेंबर झाली. तेव्हाच्या तक्रारी मुख्यतः सर्व्हरच्या आणि यंत्रावर न उमटणाऱ्या बोटांच्या ठशांच्या होत्या. त्याचं खापर ब्राउझरवर फोडण्यात अर्थ नाही. पण वेबसाइट बनवणाऱ्यांनी एवढं तरी ओळखायला हवं, की आपलं पान कुठल्या संगणकावर उघडणार हे आपल्या हातात नसतं, आणि ते उघडणं ही काही वेळा चैनीची बाब नसते.

जुन्या ब्राउझरवरचा आमच्या, वेबसाइट बनवणाऱ्यांच्या, धंद्याचा राग खोटा नाही. २००१ सालच्या इंटरनेट एक्सप्लोरर ६मध्ये पारदर्शक पीएनजी चित्रामागे करडा चौकोन दिसे, बाजूला सरकवलेल्या चौकटीचा समास आपोआप दुप्पट होई. पानाची मांडणी सोपी करणारं सीएसएस ग्रिड क्रोम आणि फायरफॉक्समध्ये मार्च २०१७मध्ये आलं. एक्सप्लोरर ११कडे त्याची जुनी, वेगळ्या वळणाची आवृत्तीच राहिली. मराठी पानाचं दुखणं याहून खोल आहे. विंडोज एक्सपीवर भारतीय लिप्यांची सोय सेटिंगमध्ये जाऊन वेगळी चालू करावी लागे. ती नसली की जोडाक्षरं फुटायची आणि पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जाऊन बसायची. इंग्रजी पान जुन्या यंत्रावर कुरूप दिसतं, मराठी पान वाचताच येत नाही. यावर तोडगा म्हणून आलेले, पानासोबतच उतरणारे डायनॅमिक फॉन्ट बहुधा ईओटी स्वरूपात असत, आणि ते चालायचे फक्त एक्सप्लोररमध्ये. म्हणजे वाचकाला त्या ब्राउझरची सवय लावण्यात आमचाही हात होताच.

अपडेट तर फुकट असतं, मग लोक करत का नाहीत, असं हमखास विचारलं जातं. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ला संपला, क्रोमनं २०१६मध्ये एक्सपीला रामराम ठोकला आणि विंडोज ७ला आवृत्ती १०९वर थांबवलं. तिथून पुढे अपडेट म्हणजे नवी विंडोज, आणि पुष्कळदा नवा संगणकच. दुसरं कारण अधिक बोचरं आहे. डिजिटल सहीसाठी अनेक साइट जावा ॲपलेटवर विसंबून होत्या. क्रोमनं ती वाट सप्टेंबर २०१५मध्ये बंद केली, फायरफॉक्सनं मार्च २०१७मध्ये. अशा साइटवर रोज काम करणाऱ्यानं एक्सप्लोरर जपून ठेवला तर त्याला अडाणी म्हणता येत नाही. १५ जून २०२२ला एक्सप्लोरर निवृत्त झाला तरी एजमध्ये मायक्रोसॉफ्टला त्याचा मोड ठेवावा लागला, तो जुनं धरून बसलेल्या कचेऱ्यांसाठीच. जुना ब्राउझर बऱ्याच अंशी जुन्या वेबसाइटनं जगवलेला आहे.

मग काय सगळ्यांनी कायम २००१मध्येच राहायचं? तसं मुळीच नाही. पान सगळीकडे सारखं दिसावं हा हट्ट सोडला की निम्मा खर्च वाचतो. साध्या एचटीएमएलमध्ये लिहिलेला फॉर्म, तपासणी सर्व्हरवर, आणि ग्रिड, सावल्या, हालचाली हे सारं ज्या ब्राउझरला कळतं त्याच्यापुरतं. सीएसएसमध्ये त्यासाठी नियमच आहे. झिजलेल्या ब्राउझरवर हा फॉर्म ओबडधोबड दिसेल, पण भरला जाईल. तडजोड करायची नाही ती एन्क्रिप्शनमध्ये. त्यासाठीच्या टीएलएसच्या १.० आणि १.१ या जुन्या आवृत्त्या प्रमुख ब्राउझरांनी २०२०पासून काढायला घेतल्या, ते योग्यच झालं; आधार आणि बँक खात्याचे क्रमांक कमकुवत वाटेनं पाठवण्यात कुणाचंच भलं नाही. तिथे नकार द्यावा, आणि तो कोऱ्या पानानं न देता मराठीत, काय करायचं ते सांगून द्यावा. हे सगळं डिझायनरच्या चांगुलपणावर सोडलं तर तो आपल्या नव्या लॅपटॉपवर पान पाहून मोकळा होणार. म्हणून कुठल्या सर्वांत जुन्या ब्राउझरवर अर्ज शेवटपर्यंत भरता आला पाहिजे, हे वेबसाइटच्या निविदेतच लिहिलेलं असावं, आणि बिल तशी चाचणी झाल्यावरच निघावं.