कालव्याकाठच्या जंग्या

रेडिंगला राहायला आल्यापासून सुट्टीच्या दिवशी केनेट अँड एव्हन कालव्याच्या काठाने चालतो. बरंच अंतर कालवा आणि लोहमार्ग एकमेकांना धरून जातात, आणि मध्येच झुडपांत दडलेली काँक्रीटची षट्कोनी खोली दिसते. हे दुसऱ्या महायुद्धातले पिलबॉक्स. सह्याद्रीतले गड पाहत वाढलेल्या माणसाचा पाय तिथे अडतोच.

यंदा बाबा आले तेव्हा त्यांना हंगरफर्डच्या बाजूला घेऊन गेलो. त्यांची उभी हयात बांधकाम खात्यात गेली. त्यांनी आधी भिंतीवरून हात फिरवला.

"ही वीट भार घेणारी नाही रे. हे शटरिंग आहे. आत काँक्रीट ओतलंय आणि विटा तशाच ठेवल्यात."

तसंच होतं. १९४० च्या उन्हाळ्यात लाकडाची टंचाई असल्याने कित्येक ठिकाणी फळ्यांऐवजी विटांचाच साचा उभारला गेला. पुढच्या पिलबॉक्सवर मात्र फळ्यांचे ठसे होते, लाकडाच्या गाठींसकट. "घाईचं काम," बाबा म्हणाले.

घाई होतीच. डंकर्कहून ब्रिटिश सैन्य परतलं ते तोफा, गाड्या फ्रान्समध्येच टाकून. मेच्या अखेरीस देशाच्या संरक्षणाची सूत्रं जनरल एडमंड आयर्नसाइड यांच्याकडे आली. जर्मन रणगाड्यांना मैदानात भिडायला साधनंच नव्हती. मग नद्या, कालवे आणि रेल्वेचे भराव धरून अडथळ्यांच्या रेषा आखल्या गेल्या. कालवा म्हणजे आयता खंदक. रणगाड्याला पुलावरूनच यावं लागणार, म्हणून पुलावर मारा करता येईल अशा जागी पिलबॉक्स. युद्धखात्याने नमुने काढले, गावोगावच्या ठेकेदारांनी बांधले. देशभरात अशी सुमारे २८,००० पक्की ठाणी उभी राहिली.

वाकून आत शिरलो. मधोमध वाय अक्षराच्या आकाराची आडभिंत होती. एका जंगीतून, म्हणजे मारा करायच्या फटीतून, घुसलेली गोळी आत उसळून पलीकडच्या शिपायाला लागू नये, म्हणून ती. बाबांनी बाहेरच्या भिंतीची जाडी हाताने मापली. "साडेतीन फूट तरी आहे. नुसत्या बंदुकीसाठी एवढी कशाला घालतील? तोफेचा विचार केलाय." मी जंग्यांतून पाहत होतो. एकीतून पूल, दुसरीतून रुळांचं वळण, तिसरीतून दक्षिणेचं उघडं कुरण. पायवाटेवरून हा सगळा नुसता सुंदर देखावा वाटतो. आतून पाहिलं की जागा निवडणाऱ्याची नजर किती पक्की होती ते कळतं.

जुलैत आयर्नसाइड यांच्या जागी अ‍ॅलन ब्रूक आले. त्यांचा भर फिरत्या सैन्यावर होता, त्यामुळे या रेषांचं महत्त्व ओसरत गेलं. जर्मन तर आलेच नाहीत. खर्च पाण्यात गेला, असं म्हणणारे भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. फिरवायला पुरेसं सैन्यच नव्हतं त्या जूनमध्ये, हाती होतं त्यातून माणसांनी ही भिंत उभी केली.

१९९५ ते २००१ या काळात शेकडो स्वयंसेवकांनी रानोमाळ हिंडून अशा हजारो जागांची नोंद केली. मोठंच काम! पण नोंद झाली म्हणजे वास्तू टिकली असं नाही. बरेच पिलबॉक्स पाडले गेले, उरलेल्यांतले कित्येक झाडाझुडपांच्या तावडीत आहेत. निघताना बाबांनी छताच्या भेगेत रुजलेलं रोपटं दाखवलं. "याच वर्षी काढायला हवं. मूळ खाली उतरलं की स्लॅब सुटलाच समज. जमीन कोणाची आहे, विचार बरं."

शेताच्या फाटकाशी जाऊन मी विचारलं. शेतकऱ्याने पुढच्या आठवड्यात करवत घेऊन यायचं कबूल केलं.