पाच मुठी, ईशान्येकडे

बीड जिल्ह्यातल्या शाळांत अवकाशाचा तास घ्यायला जाताना मी त्यातलं गणित वगळून जायचे. पुण्यातल्या मुलांसमोर तोच तास घेताना मात्र एकही आकडा गाळत नव्हते. या दोन गोष्टी बरीच वर्षं माझ्यात शेजारी शेजारी नांदल्या आणि मला त्यात काही खटकलं नाही.

मी इंजिनिअर आहे. उपग्रहांकडून येणारे संदेश टिपणाऱ्या यंत्रणांवर काम करते आणि सवड काढून जिल्हा परिषदेच्या शाळांत जाते. दिवाळी झाली की इथल्या कितीतरी घरांना कुलूप लागतं. मुकादमाची उचल घेतलेले आईबाप कोल्हापूर, सांगली किंवा कर्नाटकाकडे ऊसतोडीला जातात. मुलांना बरोबर नेलं नाही तर ती आजीजवळ राहतात, नाहीतर हंगामी वसतिगृहात. अशा मुलांसाठी मी रॉकेट उड्डाणाच्या चित्रफिती न्यायचे, कागदाची रॉकेटं करून घ्यायचे, कलामांविषयी बोलायचे. मुलं टाळ्या वाजवायची आणि मी भरल्या मनाने परतायचे. आधी स्वप्न देऊ, आकड्यांचं नंतर बघू, असं मी स्वतःला सांगत होते.

याला मी माया समजत होते. माया होतीही, पण तिच्या आड एक निवाडा होता: यांना हे झेपणार नाही. तो मी कधी तपासून पाहिला नव्हता. पुढच्या वर्षी शाळेत असेल की नाही याची खात्री नसलेल्या मुलाला कोन आणि प्रमाण शिकवून काय साधणार, असंही मनात यायचं. ज्याच्याकडे वर्षं कमी आहेत त्याला शिकवायचंही कमी, हा हिशेब मी केला होता. आज तो लिहून काढतानाही लाज वाटते.

मग एके दिवशी मी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाविषयी सांगत होते. जमिनीपासून सुमारे 400 किलोमीटरवर ते फिरतं, दीडेक तासात पृथ्वीभोवती एक फेरी मारतं. पहाटे किंवा सांजावताना आपल्याकडे अंधार असतो, पण तेवढ्या उंचीवर ऊन पोचलेलं असतं, म्हणून ते न लुकलुकणाऱ्या ठळक चांदणीसारखं सरकताना दिसतं. दोन दिवसांनी पहाटे ते बीडच्या जवळजवळ डोक्यावरून जाणार होतं. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "ताई, आमची आई कोल्हापूरकडं हाय. तिला दिसंल का?"

"दिसेल ना," मी म्हणाले. आईपासून दूर असलेल्या लेकराशी बोलताना आपोआप येतो तो मऊ सूर माझ्या आवाजात आला होता.

ती खाली बसली नाही. "पण कुठं बघायचं तिनं?"

तिला दिलासा नको होता. तिला दिशा हवी होती, आणि ती माझ्यापाशी तयार नव्हती, कारण नेमका तोच भाग मी कापून टाकला होता. क्षणभर वाटलं, वर बघायला सांग म्हणावं आणि पुढे जावं. वर्गातली सगळी मुलं माझ्याकडे बघत होती. त्यांतल्या अनेकांची आई कुठल्या ना कुठल्या कारखान्यावर होती. हा प्रश्न एकटीचा नव्हता.

भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा होता. मी तिला पट्टी दिली. तिने बीड ते कोल्हापूर मोजलं, नकाशाचं प्रमाण लावलं: सरळ रेषेत सुमारे 300 किलोमीटर. मग वहीत 100 किलोमीटरला एक सेंटीमीटर धरून आडवी रेघ तीन सेंटीमीटरची, तिच्या बीडकडच्या टोकावर उभी रेघ चारची. तिसरी बाजू जोडली आणि पट्टी लावायच्या आधीच मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "पाच येणार." पायथागोरसचा सिद्धांत त्यांच्या सातवीच्या पुस्तकात होताच. आईपासून स्थानक 500 किलोमीटर. कंपासपेटीतला कोनमापक कोल्हापूरच्या टोकावर ठेवला, तर कोन 53 अंशांचा.

मी थांबणार होते. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "पण जमीन सपाट कुठाय?" पृथ्वीचा बाक धरला की कोन दोनेक अंशांनी कमी होतो, हे मला ठाऊक होतं. त्यांना नकोच म्हणून मी ते सांगणार नव्हते. सांगितलं. हात सरळ पुढे धरला की मुठीची रुंदी साधारण दहा अंश भरते, हेही सांगितलं. मग सगळ्यांनी मिळून तिच्या आईसाठी निरोप ठरवला: ईशान्येकडे तोंड करायचं आणि क्षितिजापासून पाच मुठी वर बघायचं. तो तिने त्याच संध्याकाळी फोनवर कळवला.

त्या पहाटे शाळेच्या पटांगणातून आम्हाला स्थानक दिसलं. तिच्या आईला दिसलं नाही. ती त्या वेळी फडात गाडी भरत होती. मला वाटलं, मुलगी हिरमुसेल. ती म्हणाली, पुढच्या वेळी ते बीडच्या डोक्यावर नसेल तर ज्या गावाच्या डोक्यावर असेल तिथे उभी रेघ काढायची आणि तिथून आईपर्यंतचं अंतर मोजायचं, बाकी सगळं तेच. हे मी तिला शिकवलेलं नव्हतं.

त्यानंतर मी माझ्या जुन्या टिपणांत आणखी काय काय गाळलं आहे ते बघत गेले. 'आझादीसॅट'ची गोष्ट मी नेहमी सांगायचे: देशभरातल्या 75 सरकारी शाळांतल्या 750 मुलींनी बनवलेला आठ किलोंचा उपग्रह, त्यात प्रत्येकी सुमारे 50 ग्रॅमची 75 उपकरणं. 7 ऑगस्ट 2022 ला श्रीहरिकोट्याहून त्याने झेप घेतली, इथे माझी गोष्ट संपायची. तो वाया गेला, हे मी सांगत नव्हते. या मुलांच्या वाट्याला अपयश काय कमी आहे, हा विचार. आता सांगते. रॉकेटचा दुसरा टप्पा सुटताना क्षणभर हादरे बसले, त्वरणमापकांवरून संगणकाने सेन्सर बिघडल्याचा निष्कर्ष काढला आणि उपग्रहाला पुरेसा वेग मिळाला नाही. हवी होती 356 किलोमीटरची वर्तुळाकार कक्षा, मिळाली एका बाजूला 76 किलोमीटरपर्यंत खाली येणारी. मुलं त्याच प्रमाणाने 76 ची रेघ काढतात, ती एक सेंटीमीटरही भरत नाही, आणि तिथल्या हवेत उपग्रह का टिकला नाही याची कारणं ती स्वतःच मांडू लागतात. 10 फेब्रुवारी 2023 ला दुसरा आझादीसॅट 450 किलोमीटरच्या कक्षेत पोचला, हे त्यानंतर येतं.

आधीच्या वर्षांत मी ज्यांना फक्त कागदी रॉकेटं दिली, त्यांतली काही मुलं आता मोठ्या वर्गांत आहेत, काही आईबापांबरोबर टोळीत गेली. जी शाळेत आहेत त्यांच्याकडे मी या दिवाळीनंतर पुन्हा जाणार आहे, नकाशे आणि कंपासपेट्या घेऊन. जी फडात आहेत त्यांच्यापर्यंत कसं पोचायचं, यावर त्यांच्या शिक्षकांशी बोलणं चालू आहे.