पाचपटीचं अंतर

घरी पोकर खेळायचं ठरलं की लोक टेबल निवडतात, पत्ते निवडतात आणि चिप्सची पेटी उघडून रंगांना किमती वाटून मोकळे होतात. माझं मन सगळ्यात जास्त गुंततं ते या किमतींत. न्यू जर्सीत एडिसनला आमच्या घरी महिन्यातून एकदा आठजण बसतात. ब्लाइंड २५ आणि ५० सेंट. सुरुवातीला प्रत्येकी ५० डॉलर, म्हणजे मोठ्या ब्लाइंडच्या शंभरपट. नाल, म्हणजे घरवाल्याचा हिस्सा, काढत नाही.

किमती चारच: २५ सेंटची पावली, मग १, ५ आणि २५ डॉलर. प्रत्येक किंमत आधीच्या चौपट किंवा पाचपट. दहाची चिप आग्रह झाला तरी मी ठेवत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये २०० ची नोट काढली, कारण शंभर आणि पाचशेच्या मधे सुट्ट्यांची पंचाईत होत होती. बाजारात ते बरोबरच आहे, तिथे थोडक्या नोटांत पैसे भागायला हवेत. टेबलावर मात्र समोरच्याची चळत बघून आकडा कळायला हवा. पाच आणि दहा शेजारी आल्या की २० डॉलर तीन तऱ्हांनी मांडता येतात, आणि दर बोलीला कोणीतरी ‘किती झाले?’ म्हणून डाव अडवतो.

एक हात बघा. कोणी दोन डॉलर लावले, म्हणजे दोन पांढऱ्या. बटणवाला आणि मोठा ब्लाइंड आले, लहान ब्लाइंडने पत्ते टाकले, पॉट सव्वासहा. फ्लॉपवर चार पांढऱ्या, त्या एकाने घेतल्या. सव्वाचौदाच्या पॉटमध्ये पाच डॉलरच्या दोन लाल, त्याही घेतल्या. शेवटच्या पत्त्यावर पाच लाल. बोली वाढत गेली तरी दर वेळी एकाच रंगाच्या मूठभर चिप्स पुढे गेल्या. मोड मागावी लागली नाही, डाव कुठे अडखळला नाही.

म्हणून सुरुवातीला १२ पावल्या, २२ पांढऱ्या, ५ लाल देतो. पावल्या ब्लाइंडपुरत्या, राबते ती पांढरी. रंग अटलांटिक सिटीचेच ठेवलेत: एकची पांढरी, पाचची लाल, पंचवीसची हिरवी. कॅसिनोत जाणाऱ्यांच्या डोळ्यांना ते सवयीचे असतात. पावली निळी. दिव्याच्या पिवळ्या उजेडात निळी आणि हिरवी जवळजवळ सारख्या दिसतात, पण माझ्याकडे हिरवी क्वचितच बाहेर येते.

ती मुद्दामच मागे ठेवतो. चिप हातात आली की पैसा पैशासारखा वाटेनासा होतो. कॅसिनोला तेच हवं असतं. मला नको असतं. ही माणसं माझ्याकडे जेवून खेळायला बसतात, सकाळी त्यांना कामाला जायचं असतं. पाच लाल पुढे सरकवताना हात जरा थबकतो, कारण त्या मोजाव्या लागतात. तेवढ्याच पैशांची एक हिरवी बोटांतून सहज निसटते. कोणी पुन्हा ५० डॉलर भरले तर मी त्याला दहा लाल देतो. समोर चळत उभी राहते, आणि आपण किती भरले ते त्याला दिसत राहतं.

माझ्या संचात लाल १००. सुरुवातीला ४० जातात, उरलेल्या ६० सहाजणांना पुरतात. सातव्याला दोन हिरव्या द्याव्या लागतात. लालचा आणखी एक रॅक मागवायचा आहे.