शनिवार-रविवार मावशी कुठे जातात

शुक्रवारी संध्याकाळी कामशेत स्टेशनवर आमच्या वाडीतल्या मावशी दिसल्या. वय पंच्याहत्तरच्या पुढे. हातात कापडी पिशवी, तिच्यात दोन लुगडी, बीपीच्या गोळ्या. म्हटलं, "मावशी, कुठं चाललात?"
"तळेगावला, लेकीकडं."
मागच्या शुक्रवारीही तळेगावलाच चालल्या होत्या. त्याच्या मागच्याही.

मग कळलं. घर वीकेंडला भाड्याने जातं. पावसाळ्यात लोणावळ्यापासून पवना धरणापर्यंत चार खोल्या आणि समोर डोंगर असला की पाहुणे येतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. मुलाने जुन्या घराला नवी फरशी घातली, रंग दिला, बोर्ड लावला. मावशींच्या खोलीला आता 'मास्टर बेडरूम' म्हणतात. शुक्रवारी त्यांनी खोली सोडायची, सोमवारी परत यायचं. सुट्ट्या जोडून आल्या की मुक्काम लांबतो. लेकीच्या दोन खोल्यांत सासू-सासरे, पोरं. तिथे मावशी स्वयंपाकघरात झोपतात.

आता माझं सांगतो, कारण ते लपवून ही पोस्ट लिहिली तर खोटेपणा होईल. 2018 साली या घराचं बक्षीसपत्र झालं, त्यावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. मुलगा म्हणाला, आईच्या पश्चात भानगड नको, शिवाय राहतं घर मुलाच्या नावे करायला मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये. "आई काय, मरेपर्यंत याच घरात राहणार," हे तो माझ्यासमोर बोलला. कागदावर मात्र ते कुठेच नव्हतं. तिथे होतं फक्त 'प्रेमापोटी'. मी वाचलंच नाही. दुसऱ्याच्या टेंडरमधल्या चुका काढणारा पत्रकार मी. सही केली, पेढा खाल्ला, बातमीला पळालो.

2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम 23 आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून घेता येतं. सगळी मेख 'अटीवर' या शब्दात आहे. डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, अट असल्याचं दाखवावं लागेल. आईबाप नुसत्या प्रेमानेही देतात. जानेवारी 2025 मध्ये त्याच न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका आईचं बक्षीसपत्र रद्द केलं आणि घराचा ताबा तिला परत द्यायला सांगितलं. तिच्याकडे मुलाने सांभाळ करीन म्हणून लिहून दिलेला वेगळा कागद होता. मावशींकडे तसा कागद नाही. माझी साक्ष आहे, ती किती टिकेल ते बघायचं.

पण बक्षीसपत्र राहिलं बाजूला, निर्वाहाचा अर्ज करता येतोच. कायद्यात निर्वाह म्हणजे नुसते पैसे नाहीत. अन्न, कपडे, औषधपाणी आणि राहायला जागासुद्धा. अर्ज प्रांतांच्या न्यायाधिकरणाकडे, आपल्याकडे मावळ-मुळशीच्या प्रांतांकडे. वकील लागत नाही. नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल द्यायचा, फार तर आणखी 30. माहिती हवी असेल तर 14567 ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे.

आणि ज्यांचा कागद अजून व्हायचाय, त्यांनी एवढं वाक्य घालून घ्या: "लिहून देणार यांना हयातभर या घरात राहण्याचा हक्क राहील, लिहून घेणार त्यांचा सांभाळ व औषधपाणी करतील, न केल्यास हे बक्षीसपत्र रद्द होईल." पोरगा म्हणेल, आई, माझ्यावर विश्वास नाही का? म्हणू द्या. विश्वास असलेल्याला हे वाक्य जड जात नाही.

अर्ज मी लिहून तयार ठेवलाय. मावशींनी सही केलेली नाही. म्हणाल्या, "बाबा, त्याला नोटीस गेली तर सोमवारी मला घरात कोण घेईल?" मला काही बोलता आलं नाही. रात्री लेकीला फोन केला. ती जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, निकाल लागेपर्यंत आई माझ्याकडे राहील, सासूबाईंशी मी बोलते. येत्या शुक्रवारी आम्ही तिघं तळेगावात बसणार आहोत. मावशी हो म्हणतील की नाही, माहीत नाही. मुलाचा मात्र मला फोन येऊन गेला, आमच्या घरात पडू नकोस म्हणून. त्याला सांगितलं, कागद काढून बघ, साक्षीदार क्रमांक दोन.