साताऱ्याचे रजिस्टर आणि तालुक्याचे दप्तर

साताऱ्यास गेलेला आपला माणूस प्रतापसिंह हायस्कूलला वंदन केल्याशिवाय परतत नाही. आम्हीही वस्तीतील चार मुलांना घेऊन गेलो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सुभेदार रामजींनी बाळ भिवाला येथे इंग्रजी पहिलीत घातले. रजिस्टरात १९१४ या क्रमांकापुढे ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद आहे. शाळेने हे रजिस्टर जपले, आणि २०१७ पासून राज्यात हा दिवस विद्यार्थी दिन झाला.

“काका, माझ्या पणजोबांचं पान कुठं असेल?” एका मुलाने विचारले. त्याला जात पडताळणीसाठी १९५० पूर्वीचा कागद हवा होता. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीचे हक्क मिळाले, तरी कागद मागतात तो जुन्या जातीचाच! आणि पणजोबांनी शाळेचे तोंडही पाहिलेले नाही.

अशांसाठी उरतो गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक. गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी त्यात सापडतात, जातीसकट. मयताची खबर उन्हातान्हात परगावी पोचवायची महाराने, वतनाचे काम म्हणून. लेखणी मात्र दुसऱ्याच्या हाती.

परतताना त्या मुलाच्या वडिलांकडच्या तालुक्याला उतरलो. “दप्तर जीर्ण आहे, पुढच्या आठवड्यात या.” तीन आठवडे हेच उत्तर. आजोळच्या तालुक्यात मात्र अर्ज देताच तासाभरात बांड टेबलावर आले. राज्य एक, नमुना एक, पण दरवाजे दोन. १९६९ च्या कायद्याने फी भरून कोणालाही जन्ममृत्यूच्या नोंदीचा शोध मागता येतो. मृत्यूचे कारण तेवढे उताऱ्यात देत नाहीत. त्याआधीचे दप्तर मात्र कारकुनाच्या मर्जीवर. आम्ही स्वतः कारकून आहोत, म्हणून हे ठासून सांगतो.

बांड उघडले तर सारी मोडी! सोबत मोडी जाणणारे एक निवृत्त गुरुजी होते म्हणून निभावले. आडनाव शोधू नका, बंधुभगिनींनो. तेथे ‘अमुक बिन तमुक महार’ असेच लिहिलेले असते. पुष्कळदा बाळाचे नावही नसते, बापाच्या नावापुढे नुसते ‘मुलगा १’. तेव्हा घरातील म्हाताऱ्यांकडून पणजोबा, खापरपणजोबांची नावे आणि भावंडांचा क्रम आधी लिहून घ्या.

आजोळच्या त्या पानावर मुलाच्या आजीच्या बापाची नोंद निघाली. गुरुजींनी ती दोनदा वाचून दाखवली. पडताळणीला मात्र वडिलांकडचाच पुरावा लागतो. म्हणून पहिल्या कचेरीत २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज टाकला आहे. पोच मुलाच्या आईने ट्रंकेत ठेवली आहे.