रोहिताच्या उंचीवरून

अहिल्यानगर जिल्ह्यातलं कर्जत म्हटलं की लोकांना रेहेकुरीचं माळरान आणि काळवीट आठवतात. दुष्काळी तालुका, टँकरच्या खेपा इथल्या उन्हाळ्याला नव्या नाहीत. पण तालुक्याची दक्षिण शीव भीमेनं आखली आहे. सिद्धटेकला गणपतीच्या पायाशी असलेली ही नदी खेडकडे येईतो नदी म्हणून ओळखू येत नाही. उजनीचा फुगवटा! १९८० साली धरण पुरं झालं आणि शिवारं, गावठाणं, देवळं पोटात घेऊन पाणी पसरलं. पलीकडच्या पळसदेवचं जुनं देऊळ पाणी ओसरलं की अजून डोकं वर काढतं.

ह्या ओसरत्या पाण्याच्या कडेला हिवाळ्यात पाखरं उतरतात. चित्रबलाक, चमचे, हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब, आणि ज्यांच्यासाठी सगळा खटाटोप ते रोहित. पर्यटकांची गर्दी पलतीरी, भिगवण-कुंभारगावला, मोटारीच्या होड्यांतून. मला वल्ह्यानं चालणारी कयाक बरी वाटते. ती वितभर पाण्यातही तरंगते, इंजिनाची घरघर नाही, डिझेलचा वास नाही.

शिवाय कयाकमध्ये माणसाची उंचीच उतरते. बूड जवळपास पाण्याला टेकलेलं, डोळे त्याच्या दीड-दोन हात वर. काठावरून टिपलेला रोहित मागच्या चिखलाला चिकटल्यासारखा दिसतो. इथून मागचा काठ धूसर होतो आणि पक्षी आपल्या पूर्ण उंचीनं उभा राहतो. मान खाली सोडून तो वाकडी चोच पाण्यात उलटी धरतो. जिभेनं पाणी आत ओढतो, बाहेर टाकतो. गाळून उरलेलं तेवढं पोटात. लेन्समधून चोचीच्या कडेनं ओघळणारी धार दिसते. भिंगाला डोळा लावून नुसतं बघत बसावं, बोट बटणावर आहे हे विसरावं.

युक्ती म्हणाल तर साधी आहे. वाऱ्याच्या वरच्या अंगाला जायचं, वल्हं मांडीवर आडवं ठेवायचं आणि वारा नेईल तसं सरकायचं. पात्यावरून निथळणारे थेंबसुद्धा पाखरांना ऐकू जातात. कयाक डुलतेच, तेव्हा ट्रायपॉड घरी ठेवावा आणि शटरचा वेग १/१६०० सेकंदाच्या पुढं ठेवावा.

उजनीला मात्र गृहीत धरू नये. २१ मे २०२४ ला वादळी वाऱ्यात कुगाव-कळाशी दरम्यान प्रवासी होडी उलटली, सहा जण बुडाले. लाईफ जॅकेट अंगावर हवंच, डिकीत नव्हे. आणि वारा उठायच्या आत काठ गाठावा.

कयाक ही मुळात शिकाऱ्यांची होडी. उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइटांनी सीलच्या कातड्यानं मढवली ती सीलच्याच मागावर जायला. हत्यार बदललं तरी आपल्यातल्या काहींची खोड गेलेली नाही. उडत्या थव्याच्या फोटोपायी मुद्दाम होडी आत घालून रोहित उठवले जातात. त्यांना जागेवरून भरारी घेता येत नाही. आधी पाण्यावर धावावं लागतं. चरणं मोडतं ते वेगळंच. असल्या फोटोला मी तरी दाद देत नाही.

थव्यातल्या चोची पाण्याबाहेर आल्या, माना ताठ झाल्या आणि सगळे एकाच दिशेनं चालू लागले, की समजा तुम्ही फार जवळ आलात. तिथूनच कयाक मागे घ्या. होडीतून गेलात तर नावाड्याला आधीच सांगून ठेवा: दादा, थवा उठवायचा नाही, पैसे तेवढेच देतो.